रेंज नसली तरी अभ्यास
(आदिवासी विद्यार्थ्यांच्या कामाला हातभार लावणाऱ्या मंडळींच्या सभेतील भाषण)



मागच्या पावसाळ्यात अकोले तालुक्यातल्या एका वस्तीवर मी लॅपटॉप घेऊन गेलो. दहावीच्या मुलांना विजेच्या परिपथाचा प्रयोग पडद्यावर करून दाखवायचा होता. घरी सगळं नीट चाललं होतं. वस्तीवर मात्र नुसतं चक्र फिरत राहिलं. डोंगराआड रेंजच नव्हती. माझ्याजवळ होता तो प्रयोगाचा पत्ता. प्रयोग इंटरनेटवर राहिला होता. ओढा ओलांडून आलेली एक ठाकर मुलगी उठताना म्हणाली, "सर, रेंज आली की सांगा, आम्ही येऊ."

ते वाक्य मला बोचलं. आपल्या याच शहरातून १८४२ साली 'ज्ञानोदय' निघू लागलं. छापलेला कागद एकदा गावात पोचला की वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. अभ्यासाचं साधनही तसंच पोचलं पाहिजे.

मग शोध घेतला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचे 'फेट' नावाचे विज्ञानाचे प्रयोग आहेत. २००२ साली नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी ते काम सुरू केलं. त्यातले बरेच प्रयोग मराठीत आहेत. एकेक प्रयोग म्हणजे एकेक फाइल. ती उतरवून पेनड्राइव्हवर ठेवली की ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय उघडते. दुसरं साधन 'किविक्स'. हे २००७ पासून आहे आणि मोफत आहे. त्यातून मराठी विकिपीडिया पेनड्राइव्हवरूनच वाचता येतो. लॅपटॉपचा हॉटस्पॉट सुरू केला, तर शेजारी बसलेल्या मुलांच्या मोबाइलवरही तो दिसतो. डेटा खर्च होत नाही.

चुकत चुकत तीन गोष्टी शिकलो, त्या सांगतो. पहिली, 'फॅट ३२' पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही. अशा वेळी 'एक्सफॅट' पद्धत वापरावी. दुसरी, मूळ प्रत घरी ठेवावी, कारण दहा संगणकांना लागलेल्या पेनड्राइव्हमधून व्हायरस येतो. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची: निघण्याआधी घरचं वाय-फाय बंद करून प्रत्येक फाइल उघडून पाहावी. हे मी आधी केलं असतं, तर ती मुलं रिकाम्या हाताने परतली नसती.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो. त्याच मुलीने पडद्यावर तार जोडली आणि दिवा लागला. मग तिने तार काढली आणि विचारलं, "आता का विझला?" उत्तर पेनड्राइव्ह देत नाही. त्यासाठी शेजारी माणूस बसावा लागतो. कित्येक मुलांच्या घरची बोली पुस्तकातल्या मराठीहून वेगळी आहे. तिथे तर समजावून सांगणारा हवाच.

म्हणून आज माझं मागणं दोन प्रकारचं आहे. घरात वापरात नसलेला, पण चालू लॅपटॉप असेल तर द्या. आणि तुमच्यापैकी ज्यांनी शाळेत विज्ञान किंवा गणित शिकवलं आहे, त्यांनी महिन्यातला एक शनिवार द्या. पेनड्राइव्ह मी भरून देईन. मुलांजवळ बसायला तुम्ही या.

देव तुम्हां सर्वांना आशीर्वादित करो.