पिकांची फेरपालट, तशी भाज्यांचीही!
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



एकाच शेतात दरवर्षी एकच पीक घेतले तर जमिनीचा कस उतरतो, हे आपणास सांगायला नको. म्हणून तर आपण ज्वारीनंतर हरभरा घेतो. शरीराचेही तसेच आहे. मागील आठ दिवसांत घरात किती वेगवेगळ्या भाज्या झाल्या, ते आठवून पाहा. बऱ्याच घरांत बटाटा, वांगे, पुन्हा बटाटा असाच हिशेब निघतो. कोबी पिकविणाऱ्याच्या घरी तर हंगामभर कोबीच शिजतो, तोही बाजारात न खपलेला.

याचे परिणाम लहान नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. खुरपणीला, वेचणीला जाणारी घरची लक्ष्मी लवकर थकते, तिला धाप लागते, त्यामागे पुष्कळदा हे कारण असते. रक्तक्षय असल्यास डॉक्टरांचा सल्ला आणि लोहाच्या गोळ्या आवश्यकच आहेत. परंतु रोजचे ताट सुधारल्याशिवाय शरीराला कायमचा आधार मिळत नाही.

कोणती भाजी काय देते?

कोणत्याही एका भाजीत सर्व काही नसते. राजगिरा, माठ, मेथी, शेवग्याचा पाला यांतून लोह, कॅल्शियम आणि फॉलिक आम्ल मिळते. गाजर आणि लाल भोपळा यांतील पिवळ्या-केशरी रंगद्रव्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. ते डोळ्यांसाठी हवे. घेवडा, चवळी, गवार या शेंगभाज्यांतून प्रथिने आणि तंतुमय पदार्थ मिळतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाच्या ताटात दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात. यात बटाटा धरलेला नाही, हे लक्षात ठेवावे.

स्वयंपाक करताना

१) भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतल्यास जीवनसत्त्वे पाण्याबरोबर जातात.
२) उकडलेले पाणी फेकू नये, आमटीत घालावे.
३) पालेभाजीवर लिंबू पिळावे. त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास मात्र उलटे होते.
४) गाजर, भोपळा, पालेभाजी यांना थोड्या तेलाची फोडणी द्यावी, त्यामुळे रंगद्रव्य नीट शोषले जाते.

परसबागेचे नियोजन

घराजवळची एखादी गुंठा जागाही पुरते. कडेला शेवग्याची दोन झाडे लावावीत. दापोली कृषी विद्यापीठाची 'कोकण रुचिरा' ही जात आहेच. शेंगा संपल्यावर छाटणी केली की भरपूर कोवळा पाला मिळतो. कडीपत्ता आणि लिंबू एका कोपऱ्यात, मोरीच्या पाण्यावर अळू आणि कुंपणावर दोडका, कारले, घेवडा यांचे वेल चढवावेत. मधल्या जागेत छोटे वाफे करून पालेभाज्यांचे बी एकदम न टाकता दर १०-१५ दिवसांनी थोडे थोडे पेरावे. मेथी महिन्याभरात काढणीस येते, त्यामुळे वाफा रिकामा राहत नाही. पावसाळ्यात भेंडी, गवार. हिवाळ्यात मेथी, चाकवत, गाजर, मुळा. उन्हाळ्यात तांदुळजा आणि राजगिरा घ्यावा.

बांधावरची पाथरी, घोळ, चिवळ यांनाही विसरू नका. मात्र तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेल्या शेतातील भाजी खुडू नये. अनोळखी रानभाजी जाणत्या माणसाला दाखविल्याशिवाय खाऊ नये.

आपल्या आजीला जीवनसत्त्वांची नावे ठाऊक नव्हती. परंतु भोगीला ती हरभरा, पावटा, गाजर, वांगे, घेवडा एकत्र शिजवी आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर वाढी. ऋषिपंचमीलाही अनेक भाज्या एकाच पातेल्यात पडत. ही समज दोन सणांपुरतीच का ठेवायची?

तेव्हा येत्या हंगामाचे बियाणे आणताना बाजारासाठीच्या पाकिटाबरोबर घरासाठी पाच-सहा भाज्यांचे थोडे थोडे बीही घ्या. आठवड्यात निदान तीन वेळा पालेभाजी करा आणि ती घरातील बाईच्या ताटातही पुरेशी पडते की नाही, ते पाहा. जो जगाला भाजी पुरवितो, त्याचे घर सर्वांत आधी निरोगी असले पाहिजे.