एकशेवीस पुड्या

कवितासंग्रहाचं प्रकाशन कसं असतं हे मला चांगलं ठाऊक आहे. नारळ, शाल, पाहुण्यांची भाषणं आणि दुसऱ्या दिवशी प्रकाशकाच्या गोदामात तसेच रचून ठेवलेले गठ्ठे. माझ्या पुस्तकाची कधी टंचाई झाल्याचं ऐकिवात नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी माल संपला तर काय करायचं, हे मला गेल्या वर्षी माझ्या भाचीकडून शिकावं लागलं.

भाची मिरजेची. घरी केलेला कांदा-लसूण मसाला ती चार-पाच वर्षं इंटरनेटवरून विकते. एक छोटी वेबसाइट, व्हॉट्सॲपवर जोडलेले ग्राहक, स्वयंपाकघराला लागून एक खोली आणि मदतीला शेजारच्या दोघी, एवढाच पसारा. गेल्या वर्षी तिनं नवा माल काढायचं ठरवलं. माझ्या अम्मीच्या, म्हणजे तिच्या नानीच्या हातचा बिर्याणी मसाला. पुडीवर नाव अम्मीचं येणार होतं. अम्मीनं चौऱ्याऐंशी वर्षांत कमावलेली वस्तू म्हणजे तेवढं नावच. त्यामुळे घरात सगळ्यांनाच धाकधूक होती.

पुडीवरचा मजकूर लिहायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. मी दगडफूल, जायपत्री, शहाजिरे यांच्या सुगंधावर दहा ओळी लिहून दिल्या. भाचीनं त्या वाचल्या आणि म्हणाली, ‘‘मामू, छान आहे, पण जागा कुठाय? आधी निव्वळ वजन, करांसह किंमत, घटक पदार्थ, मसाला कधी भरला, कधीपर्यंत वापरायचा, आपला पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर.’’ एवढं सगळं बसवल्यावर माझ्या दोन ओळी उरल्या. मी दुसरी सेवा देऊ केली. म्हटलं, चार वेगवेगळ्या नावांनी ‘मसाला फार आवडला’ असे अभिप्राय लिहून देतो. तिनं साफ नकार दिला. ऑनलाइन व्यापारासाठी २०२० साली ग्राहक संरक्षणाचे नियम आले. विक्रेत्यानं स्वतःच ग्राहक बनून अभिप्राय लिहायला त्यात मनाई आहे. कवीला टोपणनाव चालतं, ग्राहकाला चालत नाही, हे मला तेव्हा कळलं.

विक्रीसाठी तिनं मंगळवार निवडला. शनिवारी सुरुवात केली तर रविवारी कुरिअर बंद आणि पुड्या घरातच पडून राहणार. आदल्या रात्री तिनं माझ्या हातात फोन दिला. म्हणाली, ‘‘मामू, तुम्ही एक पुडी मागवा. मी काहीच सांगणार नाही.’’ घरात सगळ्यात अडाणी गिऱ्हाईक मीच होतो, म्हणून ही निवड! मला पैसे भरायचं बटण सापडेना. सापडलं, तर पैसे गेले, पण ‘ऑर्डर मिळाली’ हा निरोपच आला नाही. वर मी पिनकोडही चुकवला. मिरजेचा ४१६४१० लिहायचा तर सवयीनं सांगलीचा ४१६४१६ लिहिला. या माझ्या तीन चुकांवर तिनं रात्री दोन तास काम केलं. सकाळी शंभर माणसं ज्या दगडाला ठेचकाळणार होती, तो रात्रीच बाजूला झाला.

पिनकोडवरून आठवलं. ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत कवी होते. पहिला आकडा विभाग सांगतो, शेवटचे तीन नेमकं टपाल कार्यालय. देशभरची पत्रं जागेवर पोचवण्याचा हिशेब एका कवीनं मांडला, या गोष्टीचा मला भारी अभिमान आहे. पण त्या रात्री तो मिरवायची सोय नव्हती.

मंगळवारी सकाळी दहाला विक्री सुरू झाली. कामं वाटलेली होती. एकीनं पुड्या खोक्यात भरायच्या, दुसरीनं पत्ते चिकटवायचे, भाचीनं फोन बघायचा आणि मी वहीत नोंद करायची. माझ्यासाठी एक नियम होता. पैसे भरल्याचं नुसतं चित्र कुणी पाठवलं, तर ते खरं धरायचं नाही. खात्यात रक्कम दिसली तरच वहीत नाव.

तयार पुड्या एकशेवीस होत्या. दुपारी एकला मी वहीतली नावं मोजली, तर एकशे त्रेपन्न! वेबसाइट आपली शिल्लक मोजत होती, पण व्हॉट्सॲपवरच्या मागण्या त्या हिशेबात धरल्याच जात नव्हत्या. एकच पुडी दोन दारांतून विकली जात होती. रात्रीच्या तालमीत हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण मी एकाच दारातून आत गेलो होतो.

मी म्हटलं, ‘‘अगं, चालू दे. दोन दिवसांत अजून दळून आणू.’’ पैसे येत होते, फोन वाजत होता. मला तर पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाल्यासारखं झालं होतं. भाचीनं अम्मीकडे पाहिलं. अम्मी एवढंच म्हणाली, ‘‘मसाला दळल्यावर गरम असतो. गार व्हायच्या आत पिशवीत कोंडला की आत घाम धरतो, गुठळ्या होतात.’’ भाचीनं दोन्हीकडची विक्री थांबवली आणि ‘आजचा माल संपला’ असं लिहून टाकलं.

मग तिनं त्या तेहतीस जणांना एकेक करून फोन लावले. चूक आमची आहे. पैसे आत्ता परत करते, किंवा दहा दिवस थांबा. संध्याकाळपर्यंत नऊ जणांनी पैसे मागितले, ते लगेच दिले. एक गृहस्थ चिडले, त्यांचंही शांतपणे ऐकून घेतलं. चोवीस जण थांबले.

रात्री खात्यातली रक्कम आणि वही ताडून पाहिली. हिशेब जुळला. भाचीनं शेवटी एक ओळ लिहिली : ‘शिल्लक नाही. देणे चोवीस.’ दुसरी खेप दहाव्या नाही, नवव्या दिवशी निघाली आणि ते चोवीस पत्ते सगळ्यांत आधी गेले.

घरून काही विकणाऱ्या माझ्या लेकीसुनांना एवढंच सांगेन. नव्या मालाच्या दिवशी किती विकलं गेलं हे सगळेच मोजतात. आपण किती देऊ शकतो तो आकडा आदल्या रात्रीच मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा, दारं दोन असली तरी वही एकच ठेवा, आणि तो आकडा आला की हात आखडता घ्या. आमच्या खोलीत भिंतीवर आता तो कागद असतो. आकडा दर खेपेला बदलतो, अक्षर मात्र माझं असतं. घरातल्या कवीला मिळालेलं कायमचं काम!

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)