टेट्रिसचा मालक कोण?

नव्वदच्या दशकात पोरांच्या हातात दिसणारा ‘ब्रिक गेम’ आठवतो? वरून ठोकळे पडायचे, ते फिरवून बसवायचे, ओळ भरली की ती नाहीशी व्हायची. हा खेळ मूळचा टेट्रिस. 1984 साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात नोकरी करणाऱ्या अलेक्सेई पाजितनोव यांनी तो कचेरीतल्याच संगणकावर तयार केला. खेळ जगभर गाजला, पण त्यांना कितीतरी वर्षं रॉयल्टीचा एक पैसा मिळाला नाही.

या धंद्यात खरा व्यवहार होतो तो परवान्यांचा. वाडा एकच असतो, खोल्या मात्र वेगवेगळ्या भाडेकरूंना दिलेल्या असतात. घरच्या संगणकासाठी एक परवाना, टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी दुसरा, हातात मावणाऱ्या यंत्रासाठी तिसरा. घेणारा काही रक्कम आगाऊ देतो, पुढे विक्रीवर रॉयल्टी भरतो.

टेट्रिसच्या वाड्यात पोटभाडेकरूच आधी शिरले. लंडनचे रॉबर्ट स्टाइन यांनी मॉस्कोशी करार होण्याआधीच ब्रिटन-अमेरिकेतल्या कंपन्यांना हक्क विकले. त्या कंपन्यांनी ते आणखी पुढे दिले. 1989 च्या सुरुवातीला एलोर्ग या सोव्हिएत सरकारी संस्थेचे निकोलाय बेलिकोव यांनी स्टाइनसमोर सुधारित करार ठेवला. त्यात संगणकाची व्याख्या घातली होती: कीबोर्ड, मॉनिटर, डिस्क ड्राइव्ह असलेलं यंत्र. स्टाइन यांचं लक्ष उशिरा पैसे भरण्याच्या कलमांवर होतं. त्यांनी सही केली, आणि या व्याख्येत न बसणाऱ्या टीव्हीवरच्या खेळाचे हक्क हातचे गेले. ते निन्टेंडो या जपानी कंपनीने घेतले. अटारी गेम्सची टेन्गेन ही शाखा तरीही आपली कॅसेट विकू लागली. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकी न्यायालयाने ती विक्री थांबवली. एका व्याख्येची ही ताकद मला आजही थक्क करते.

निन्टेंडोच्या गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रावर टेट्रिसच्या तीन कोटींहून जास्त प्रती खपल्या. पाजितनोव यांनी मात्र आपले हक्क दहा वर्षांसाठी सरकारला देऊन टाकले होते. 1996 मध्ये हक्क परत मिळाले, तेव्हा कुठे गेम प्रकाशक हेंक रॉजर्स यांच्यासोबत कंपनी काढल्यावर त्यांची कमाई सुरू झाली.

मालकीचा आणि करारातल्या शब्दांचा हा प्रश्न आपल्याकडेही येतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. हक्क लिहून देताना मुदत घातली नाही तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच. गेम बनवणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो, सही करण्याआधी करारातली प्रत्येक व्याख्या वाचा, मुदत आणि प्रदेश लिहून घ्या, आणि एकदा वकिलाला दाखवा.