गाडीतला वाटाड्या

श्रोतेहो, राहण्याजेवण्याची सोय असलेली मोठी गाडी घेऊन कुणी जांबसमर्थला निघालं आणि दिशादर्शक यंत्रात नुसतं ‘पिंपळगाव’ घातलं, तर स्वारी नाशिककडच्या पिंपळगाव बसवंतलाही पोचायची! तेव्हा ‘कुंभार पिंपळगाव, तालुका घनसावंगी’ असं पुरतं नाव घालावं.

यंत्राला जागा कळायला निदान चार उपग्रहांचे संदेश लागतात, मोबाईलची रेंज नव्हे. नकाशा मात्र आधीच साठवलेला हवा. इस्रोनं २०१३ पासून सोडलेले ‘नाविक’चे उपग्रह मोजके, म्हणून जीपीएस आणि नाविक दोन्ही धरणारं यंत्र बरं. आणि गाडीची उंची-रुंदी विचारून घेणारंच घ्या बुवा! नाहीतर उसाच्या फडातल्या गाडीवाटेवर ती अडकते, वळवायलाही जागा नसते. फाट्यावर एकदा काच खाली करून विचारलं, तर आमची माणसं सांगतील.