तळहाताएवढें चित्र

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या धर्मग्रामसभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या तयारीच्या पहिल्याच बैठकींत आपणांपैकीं एकानें विचारलें होतें कीं, वेदीमागें लावावयाचें मोठें चित्र फादरांनीं हातीं घेतलें होतें, त्याचें काय झालें? प्रश्न रास्त होता. त्या दिवशीं आम्हीं विषय बदलला. आज उत्तर देतों. तें चित्र झालें नाहीं. 8 हात लांब व 4 हात रुंद असें तें कापड 11 वर्षें सॅक्रिस्टींतील कपाटामागें गुंडाळून उभें होतें, आणि त्यावर कोळशाच्या थोड्या रेघांपलीकडे कांहीं नव्हतें.

सेमिनरींत असतांना आम्ही नित्य कांहींतरी रेखाटीत असूं. पुढें दीक्षा झाली, कामें वाढलीं, पेन्सिल सुटली; त्याचें तेव्हां फारसें दुःख झालें नाहीं. दुःख झालें तें पुष्कळ वर्षांनीं, जेव्हां पुन्हां चित्र काढावेंसें वाटलें आणि आम्हीं एकदम एवढें कापड ताणलें. त्यासमोर जावयाचें, हात कांपावयाचा, परत फिरावयाचें. शेवटीं त्या कपाटांतून कांहीं हवें असलें तर आम्ही वेदीसेवक मुलांस पाठवूं लागलों. धर्मगुरूनें आपल्याच सॅक्रिस्टींत चोरासारखें वावरावें, हें लाजिरवाणें खरेंच.

हा दोष थोडासा आपल्या शहराचाहि आहे, असें म्हटलें तर रागावूं नये. कोल्हापुरास लोक कलापूर म्हणतात. येथें आनंदराव व बाबूराव पेंटर यांनीं नाटकांचे पडदे रंगविले, आणि 1920 सालीं बाबूरावांनीं ‘सैरंध्री’ हा चित्रपट लोकांपुढें आणला. चित्र म्हटलें कीं ज्यांच्या डोळ्यांपुढें रंगभूमीचा पडदा नाहीं तर राजवाड्यांतील तैलचित्र उभें राहतें, त्यांस लहानसा कागद घेऊन बसण्याचा संकोच वाटावा यांत नवल नाहीं.

परंतु याच शहरांत आबालाल रहिमान होऊन गेले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेले, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार. मोठें काम त्यांस जड नव्हतें. तरी त्यांचें मन रमलें तें कोटितीर्थ, संध्यामठ, रंकाळा, पंचगंगेचा घाट यांच्यापाशीं. तेंच पाणी, तोच काठ, पुन्हां पुन्हां जलरंगांत. 1922 सालीं महाराज निवर्तले, तेव्हां त्या शोकांत त्यांनीं आपलीं असंख्य चित्रें कोटितीर्थाच्या पाण्यांत सोडून दिलीं, असें येथील जुने लोक सांगत आले आहेत. ते स्वतः 1931 सालीं वारले. ही गोष्ट ऐकतांना सर्वांचें लक्ष शोकाकडे जातें. आमच्या मनांत मात्र दुसराच प्रश्न येतो: सोडून देण्याइतकीं चित्रें जमलीं कशीं? तीं एका दिवसाचीं खासच नव्हत.

आपल्या धर्मसभेंतहि असा एक पुरुष झाला. फ्रा आंजेलिको या डोमिनिकन साधूनें पंधराव्या शतकांत फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठांत, आपल्या साहाय्यकांसह, 40 हून अधिक खोल्यांच्या भिंती रंगविल्या. एका खोलींत एक प्रसंग, तो तेथें राहणाऱ्या एका साधूच्या डोळ्यांपुरता. वाहवा करावयास कोणी येणार नव्हतें. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं 1982 सालीं त्यांस धन्य म्हणून गौरविलें, व 1984 सालीं कलावंतांचे आश्रयदाते ठरविलें.

आमची सुटका झाली ती मात्र मागील उपवासकाळांत, राखेच्या बुधवारीं. टेबलावर लग्नपत्रिकांचा ढीग पडला होता. एकीची कोरी पाठ कापून घेतली आणि देवालयाच्या पायरीवर कोणीं काढून ठेवलेली चप्पल रेखाटली. वाईट आली. डावा अंगठा उजवीकडे गेला. पण ती पुरी झाली होती! दुसऱ्या दिवशीं तीच चप्पल, मग पाण्याचा तांब्या, मग मेणबत्तीचें टोंक.

आम्हीं स्वतःस घातलेले निर्बंध थोडे होते. कागद तळहाताएवढा, वेळ चहा निवेपर्यंत, पाठीमागें तारीख घालावी, सही करूं नये, फाडूं नये, महिना सरेपर्यंत मागचें उलटून पाहूं नये. आणि एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशीं दोन काढूं नयेत. ही शेवटची गोष्ट आम्हीं मान्न्यापासून घेतली. रानांत इस्राएल लोकांनीं तो त्या त्या दिवसापुरता वेंचावयाचा होता. हांवेनें उद्यांसाठीं ठेवला तर त्यांत किडे पडत. (शब्बाथाच्या आदल्या दिवशीं दुप्पट वेंचावयाचा असे, हें आमचे प्रश्नोत्तरीचे विद्यार्थी लगेच सांगतील. तें आम्हांस ठाऊक आहे.) नित्याची प्रार्थनाहि अशीच नव्हे काय? कित्येक सकाळीं मन कोरडें असतें, तरी आम्ही ब्रेव्हिअरी उघडतों. देवदूतासारखें गातां येईपर्यंत थांबत नाहीं.

आपल्यांतील एका भगिनीस आम्हीं असे कांहीं कागद दिले. बालपणीं ती उत्तम चित्रें काढी. पति वारल्यावर तिनें रंगांची पेटीच देऊन टाकली होती. गेले 40 दिवस ती रोज त्यांच्या चष्म्याचें घर काढते आहे. ज्युबिलीच्या प्रदर्शनांत तीं मांडावीं काय, असें आम्हीं विचारलें. ती नाहीं म्हणाली. आमचें विचारणेंच चुकलें.

असो. वेदीमागची भिंत ज्युबिलीस पांढरीच राहील. तिला नवा चुना दिला आहे. आणि तें कापड आम्हीं गेल्या आठवड्यांत कापलें. कात्री लावतांना हात पुन्हां कांपला, हें लपवीत नाहीं. 400 हून अधिक तुकडे झाले. ते दारापाशीं टोपलींत ठेविले आहेत. ज्यांनीं त्या कापडासाठीं वर्गणी दिली होती, त्यांनीं आपले पैसे या रूपानें परत मिळाले असें समजावें. घरांतील प्रत्येकानें एक न्यावा, मुलांनीं दोन न्यावे. ज्यांवर कोळशाच्या रेघा होत्या तेवढे आम्हीं ठेवून घेतले. त्यांतील एकावर काल सायंकाळीं ती कात्रीच काढली.