भोंगा वाजला तर?
(लोणी काळभोर येथे महिला मंडळांच्या बैठकीत केलेले भाषण)



मुंबईहून नळाने आलेलं पेट्रोल-डिझेल इथल्या टाक्यांत साठतं आणि टँकरने पुढे जातं. त्या टाक्यांच्या शेजारी आपण चूल पेटवतो, मुलं वाढवतो.

तेलाचा पुरवठा थांबू नये म्हणून सरकारने तयारी केलेली आहे. १९४८ च्या कायद्याने प्रादेशिक सेना, म्हणजे टेरिटोरियल आर्मी उभी राहिली. एरवी नोकरीधंदा करणारी माणसं तिच्यात दरवर्षी वर्दी चढवून प्रशिक्षण घेतात, बोलावलं की हजर होतात. तेलकंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्याही तिच्यात खास तुकड्या आहेत. एक नागपूरजवळ कामठीला. कायद्यात भरतीसाठी शब्द आहे 'कोणतीही व्यक्ती'. जाहिरातीत मात्र फक्त पुरुष! व्यक्ती म्हणजे स्त्रीसुद्धा, हे दिल्ली उच्च न्यायालयाला २०१८ साली सांगावं लागलं. सत्तर वर्षं आपण व्यक्तीच नव्हतो.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. पण तिथून इथे पोचायला वेळ लागणारच. जयपूरच्या तेल डेपोत २९ ऑक्टोबर २००९ ला तासाभराहून जास्त वेळ पेट्रोल गळत होतं, मग स्फोट झाला. आग आठवड्याहून अधिक काळ धुमसली. तो पहिला तास महत्त्वाचा. आणि दिवसाढवळ्या त्या तासात वस्तीत असतं कोण? बायका, मुलं, म्हातारी माणसं.

मघाशी मी काहीजणींना विचारलं, भोंगा वाजला तर काय कराल? एक म्हणाली, पोरं घेऊन पळेन. दुसरी म्हणाली, दार लावून बसेन. कशाचा अपघात आहे, वारा कुठला आहे, यावर उत्तर ठरतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत, गटारातून सरकते. एक काडीही पेटवायची नाही, हे आधी माहीत हवं.

भोपाळनंतर १९८९ साली नियम झाले. धोकादायक रसायनांचा मोठा साठा करणाऱ्याने शेजारच्या लोकांना धोका काय आणि करायचं काय, हे सांगितलंच पाहिजे. कुंपणाबाहेरच्या वस्तीसाठी आराखडा हवा, वर्षातून एकदा त्याची रंगीत तालीम हवी. ही मेहेरबानी नाही, आपला हक्क आहे.

म्हणून येत्या ग्रामसभेत लेखी विचारू या: आराखडा कुठे आहे? भोंग्याचा अर्थ काय? अंथरुणाला खिळलेल्यांना कोण उचलणार? आणि तालीम भर दुपारी, वस्तीत, आपल्याला सोबत घेऊन झाली पाहिजे. अर्जावर पहिली सही कोण करतंय?