हंगेरीतील सत्तांतर

दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व युरोपात ज्या साम्यवादी राजवटी स्थापन झाल्या, त्या लोकक्रांतीच्या लाटेवर आरूढ होऊन आल्या, अशी समजूत आपल्याकडील अनेक सुशिक्षितांतही रूढ आहे. हंगेरीचा वृत्तांत पाहिल्यास मात्र ती टिकत नाही. जमीनदारांच्या अफाट मिळकती मोडून १९४५ मध्ये तेथे जे जमीनवाटप झाले ते न्याय्यच होते, आणि त्यात साम्यवाद्यांचा वाटा मोठा होता, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तरीही त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, रशियन फौजेचा तळ देशात असतानाही, मतदारांनी लहान शेतकऱ्यांच्या पक्षाला शेकडा ५७ मते दिली आणि साम्यवाद्यांना अवघी १७.

एवढे बहुमत मिळूनही त्या पक्षाला स्वतःचे मंत्रिमंडळ बनवता आले नाही; दोस्तांच्या नियंत्रण मंडळाचे अध्यक्ष मार्शल व्होरोशिलोव्ह यांच्या आग्रहाने संमिश्र सरकार आले आणि गृहखाते साम्यवाद्यांच्या हवाली झाले. माझ्या मते सारे भवितव्य येथेच ठरले, कारण ज्याच्या हाती पोलीस, त्याला मतपेटीची फिकीर करण्याचे कारण उरत नाही. शेतकरी पक्षाचे सरचिटणीस बेला कोव्हाच यांच्यावर कटाचा आरोप ठेवण्यात आला. सभागृहाने त्यांना पोलिसांच्या स्वाधीन करण्यास नकार दिला, तेव्हा १९४७ च्या फेब्रुवारीत रशियन लष्करानेच त्यांना अटक करून नेले. मे महिन्यात पंतप्रधान फेरेन्त्स नॉज स्वित्झर्लंडमध्ये असताना त्यांच्याकडे राजीनामा मागण्यात आला. त्यांचा लहान मुलगा मायदेशीच होता. तो सुखरूप हाती आल्यावर त्या पित्याने राजीनाम्याचा कागद दिला.

ऑगस्टात पुन्हा निवडणूक झाली. परगावी असलेल्या मतदारांसाठी निळ्या चिठ्ठ्या काढल्या होत्या. त्या खिशात घालून साम्यवादी कार्यकर्त्यांच्या टोळ्या मोटारींतून गावोगाव फिरल्या आणि जागोजाग मते देत गेल्या. इतके करूनही त्यांच्या पदरात शेकडा २२ मतेच पडली. पुढच्या वर्षी समाजवादी पक्ष त्यांच्या पक्षात विलीन करण्यात आला, आणि १९४९ च्या मेमध्ये मतदारापुढे एकच यादी ठेवण्यात आली. जनतेने ही राजवट निवडली, असे म्हणण्यास इतिहासात आधार नाही.